काळी वाळू, पिवळी पूड आणि पावसात वाढणारा आकडा: किरणोत्सर्गी खनिजांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू बरणीत ठेवली आहे. केरळची काळी वाळू किरणोत्सर्गी असते म्हणे. मग ही टाकून द्यावी का?

ठेवा खुशाल. केरळच्या चवरा पट्ट्यातली वाळू फार जुन्या, ग्रॅनाइटसारख्या खडकांची झीज होऊन आली आहे. तिच्यात मोनाझाइट हे खनिज असतं आणि मोनाझाइटमध्ये थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य. रत्नागिरीची वाळू मुख्यतः सह्याद्रीच्या बेसाल्टमधली आहे. तिचा काळेपणा इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांचा असतो; चुंबक फिरवलात तर मॅग्नेटाइट लगेच चिकटेल. मोनाझाइट मुळात काळं नसतंच, ते मधासारखं पिवळट-तपकिरी दिसतं. त्यामुळे रंगावरून घाबरण्यात अर्थ नाही. बेसाल्टमध्ये युरेनियम दशलक्षात जेमतेम एक भाग असतं, तेव्हा किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर घेऊन कातळावर हिंडलात तरी हाती काही लागणार नाही.

प्रश्न : आजोबा झारखंडात कोडरम्याला अभ्रकाच्या खाणीत नोकरीला होते. मालवणच्या घरी त्यांच्या पत्र्याच्या डब्यात मुठीएवढा काळा, आकाराच्या मानाने फारच जड दगड सापडला. वर पिवळी पूड आहे. काय करावं?

कोडरमा-गया पट्ट्यातल्या अभ्रकाच्या खडकांत युरेनिनाइट या युरेनियमच्या खनिजाचे गोळे सापडलेले आहेत. वजन आणि पिवळी पूड, दोन्ही लक्षणं तिकडेच बोट दाखवतात. शुद्ध युरेनिनाइट पाण्याच्या सुमारे दहापट जड असतं. सिंधुदुर्गातल्या रेडीचं चांगलं लोहखनिजही पाचपटीच्या आसपासच भरतं. खात्री करायला दगड घासून मात्र पाहू नका.

धोका मुख्यतः त्या पुडीचा. तिच्यातून निघणारे अल्फा किरण कातडी ओलांडत नाहीत, पण पूड श्वासातून फुप्फुसात गेली की मारा आतून सुरू होतो. म्हणून डबा माजघरात नव्हे, अंगणात वाऱ्याकडे पाठ करून उघडा. नायट्राइलचे हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. खाली ओला कागद अंथरा. कोरड्या फडक्याने झटकू नका, फुंकर तर नाहीच. दगड दोन झिपलॉक पिशव्यांत एकात एक घालून रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. सांडलेली पूड ओल्या टिश्यूने टिपा. टिश्यू, कागद, मोजे वेगळ्या पिशवीत बांधा. मग हात साबणाने धुवा. बरणी झोपायच्या खोलीपासून लांब, हवेशीर पडवीत कुलपात ठेवा. अंतर चौपट झालं की दगडातून निघणाऱ्या गॅमा किरणांचा मारा सोळाव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे शिशाचे पत्रे शोधत बसायची गरज नाही.

भारतातल्या अणुऊर्जा कायद्यानुसार युरेनियम परवान्याशिवाय बाळगता येत नाही. वस्तू कुठून आली हे लिहून मुंबईत अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा आणि पुढच्या सूचनेची वाट पाहा. विहिरीत टाकणं, परसात पुरणं, कुरियर करणं, एसटीने मुंबईला नेणं, यातलं काहीही करू नका.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात परवानगीने ठेवलेले जुने नमुने आहेत. पावसाळ्यात कपाटात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवतो, तरी ऑट्युनाइट या युरेनियमच्या खनिजाचा भुगा होतोय. का?

सिलिका जेलमुळेच! ऑट्युनाइटच्या पापुद्र्यांमध्ये पाण्याचे रेणू असतात. ते निघून गेले की मेटा-ऑट्युनाइट बनतं आणि पापुद्रे सुटतात. टॉर्बर्नाइट या त्याच्या भाऊबंद खनिजाचंही तेच. यांना जेल नको. छोट्या हवाबंद डबीत ठेवा म्हणजे आतली आर्द्रता स्थिर राहील. उलट, पिचब्लेंडमध्ये (हा युरेनिनाइटचाच एक प्रकार) पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असेल तर त्याला जेल हवंच. आपल्या जुलैच्या दमट हवेत पायराइट ऑक्सिडाइझ होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, ते युरेनियम विरघळवतं आणि दगडावर पिवळी बुरशीसारखी पुटं चढतात. सगळे नमुने एकाच कपाटात, एकाच उपायावर ठेवले की एक ना एक बिघडणारच.

या खनिजांतून सुटणारा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू कोणत्याच डबीत पूर्ण अडत नाही. कपाट उघडून खिडक्या सताड उघड्या टाका, पंखा लावा आणि अर्ध्या तासाने आत जा. डबीच्या झाकणाची आतली बाजू पुसून तो टिश्यू काउंटरला लावा. आकडा साधारण अर्ध्या-पाऊण तासाने निम्मा होत गेला तर ती रेडॉनची अल्पायुषी अपत्यं, म्हणजे रेडॉनच्या क्षयातून बनलेली मूलद्रव्यं. तासन्‌तास तसाच राहिला तर ती पूड आहे. कपाट ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न : मुलगा बोटीवर आहे. परदेशातून ऑट्युनाइट आणायला सांगू का?

नको. परवान्याशिवाय आयात बेकायदा, आणि विमानाच्या सामानात तर मुळीच चालत नाही. ऑट्युनाइटसारखी हिरवी चमकच बघायची असेल तर घाटातल्या बेसाल्टच्या पोकळ्यांतली कॅल्सेडनी २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही (अतिनील) दिव्याखाली धरा. काही तुकडे हिरवे उजळतात, तेही युरेनिलच्या (युरेनियम-ऑक्सिजनच्या जोडीच्या) अत्यल्प अंशामुळे, पण काउंटर जागचा हलत नाही. दिवा डोळ्यांकडे वळवू नका. साधा चष्मा नव्हे, यूव्ही अडवणारा चष्मा लावा.

प्रश्न : मे महिन्यात वळवाची सर आली की माझ्या गायगर काउंटरचा आकडा चढतो. बिघाड आहे का?

नाही. जमिनीतून निघालेल्या रेडॉनची अपत्यं हवेतल्या धुळीला चिकटतात आणि पहिल्या सरीबरोबर खाली येतात. गाडीच्या टपावरचं पाणी टिश्यूने टिपून काउंटरच्या ट्यूबला लावा: आकडा वर जाईल आणि तीन-चार तासांत पूर्ववत होईल. भर जुलैत ही वाढ कमी दिसते, कारण तेव्हाची हवा समुद्रावरून येते आणि समुद्रातून रेडॉन फारच थोडा सुटतो. ट्यूब मात्र पावसात भिजू देऊ नका. खारट ओल सर्किटवर बसली की उच्च व्होल्टेज गळतं आणि मग खरोखरच खोटे आकडे येतात.