घरच्यासारखं

‘मावशी, आम्ही पारोळा तालुक्यातले. आमचे हे अकरा वर्षं एकाच घरी सालदार आहेत, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतकामाला. सालाचे 1 लाख 10 हजार, वर दाणे, दिवाळीला कपडे, मळ्यात राहायला खोली. मी शेणपाणी आणि मालकिणीकडची झाडलोट करते, ते सालातच आलं. मालक माणूस चांगला. माझ्या ऑपरेशनला रात्री दोनला गाडी काढली, 40 हजार दिले. ती उचल अजून फिटायची आहे. आता हे म्हणतात, या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, साल धरायचं नाही, दुसऱ्याचं तीन एकर वावर बटाईनं, पिकाच्या वाट्यावर करू, सगळी कपाशी लावू. मी म्हटलं, आपल्याला काय कमी आहे? तर म्हणतात, “चुकनू तर मना वावरमा चुकसू.” चुकलो तर माझ्या शेतात चुकेन. ताटातली भाकरी सोडून माणूस असा का उठतो? पोरगी अकरावीला आहे, तिच्याच मोबाईलवरून लिहितेय. यांना कसं अडवू?’

माय, आधी एक कबूल करते. मी मालकाच्या घरातली आहे. धरणगाव तालुक्यातल्या आमच्या घरी सालदार असायचा. त्याच्या खांद्यावर बसून मी कानबाई देवीची मिरवणूक पाहिली आहे. एका आखाजीला तो सकाळीच आला, अंगणात बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, ‘नाना, औंदा नही.’ वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. ‘घरच्यासारखं वागवलं’ एवढंच म्हणत राहिले. मला तेव्हा त्यांचंच पटलं होतं. त्या वाक्यातलं ‘सारखं’ कानात शिरायला मला पन्नास वर्षं लागली.

घरच्याला कुणी घरच्यासारखं वागवत नाही. घरच्या पोरानं पेरणी बिघडवली तर बाप आठ दिवस शिव्या घालतो आणि पुढच्या साली तिफण पुन्हा त्याच्याच हातात देतो. सालदाराला चुकायची सोयच नाही, कारण ठरवायचं काहीच त्याच्याकडे नसतं. तुझ्या नवऱ्याचंच बघ. कपाशीत डोमकळी, अळी शिरून न उमललेलं फूल, पहिल्यांदा कुणाला दिसते? त्यालाच. तो येऊन सांगतो, मालक म्हणतात, सोमवारी बघू. सोमवारपर्यंत अळी बोंडात. फवारणीचा पंप पुन्हा याच्याच पाठीवर, आणि वेचणीला किडका कवडी कापूस निघाला तर तोंड पाडून उभाही हाच. अकरा वर्षं शेत त्याच्या डोक्यात आहे, निर्णय दुसऱ्याच्या तोंडात. हे पगारानं भरून निघत नाही, चांगुलपणानं तर नाहीच. मालक वाईट असता तर सोडणं सोपं गेलं असतं. शिवी देऊन निघता आलं असतं.

त्याला आराम हवाय असं मात्र समजू नकोस. शेतीची लाईट ज्या आठवड्यात रात्रीची असते, तेव्हा तो आज जसा बॅटरी घेऊन पाणी द्यायला बाऱ्यावर जातो तसाच उद्याही जाईल. साप तेच, डुकरं तीच, झोप उलट कमीच, कारण आज पीक गेलं तर साल बुडत नाही, उद्या बुडेल. तरी त्याला ते हवंय. गंमत बघ, बटाईचं वावर त्याचं नाहीच, तरी तो ‘मना वावरमा’ म्हणतो. मालकीबद्दल तो बोलतच नाहीये. कुठल्या ओळीत काय पेरायचं, एवढंच तो त्याचं म्हणतोय.

आता तुझी भीती. तिला भित्रेपणा म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव. रात्री दोनची गाडी कोण काढणार, हा प्रश्न खराच आहे आणि त्याला गोड उत्तर माझ्याजवळ नाही. शिवाय बटाई बहुतेक तोंडी असते. 1948 चा कुळकायदा आला, 1 एप्रिल 1957 ला कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. तेव्हापासून जमीनवाला कागद म्हटला की दचकतो. पण नोंदवलेला भाडेकरार नसेल तर पीकविमा तुमच्या नावावर होत नाही, सोसायटीचं कर्जही नाही. मग बियाणं-खत कृषी केंद्रातून उधार, आणि त्या उधारीचं व्याज कपाशीच्या आधी उगवतं. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुम्ही दोघांनी हातानं वेचलं आहे.

म्हणून अडवू नकोस, पण तीनही एकर कपाशीला साफ नाही म्हण. साल सुटलं की दाणेही सुटतात, हे पुरुषांच्या लक्षात राहत नाही. दीड एकर कपाशी पुरे, आणि तीही जूनच्या आधी नको, आधीच्या लागवडीत अळीला आयतं घर मिळतं. बाकीच्यात उडीद-मूग, ते निघाले की रब्बीला दादर ज्वारी. घरात भाकरी, आणि चारा विकला तर चार पैसे. हिशेबाची वही तू धर. पहिल्या साली दोघांनी लोकांच्या शेतात रोजानंही जायचं, त्यात कमीपणा नाही. मळ्यातली खोली जाणार, तेव्हा गावातली भाड्याची खोली आखाजीच्या आधी बघून ठेवा.

उचलीचं सांगते. उचल फिटली नाही म्हणून माणसाला कामाला बांधून ठेवता येत नाही, वेठबिगारीविरुद्ध 1976 चा कायदा आहे. पण ज्यानं रात्री दोनला गाडी काढली त्याच्या दारात कायदा घेऊन जाऊ नका. दोन जाणती माणसं बसवा, हप्ते ठरवा, कागदावर लिहा. पहिला हप्ता त्याच बैठकीत द्या, हजार का होईना.

आणि पत्रात तू एक ओळ सहज लिहून गेलीस, ‘ते सालातच आलं.’ कुठे आलं, माय? 1 लाख 10 हजारांत तुझे किती? अकरा वर्षांच्या शेणपाण्याचा एक रुपयाही तुझ्या नावानं निघाला नाही, आणि तू मला विचारतेस, आपल्याला काय कमी आहे. नवरा साल सोडतोय म्हणून तू घाबरलीस, पण साल त्याचं होतं. तुझं तर साधं सालही नव्हतं.

आमच्या त्या सालदाराचं पहिल्या वर्षी नुकसान झालं. ते ऐकून वडिलांना बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. तो परत साल धरायला मात्र आला नाही. वेचणीला रोजानं यायचा, काम झालं की अंगणात आमच्याबरोबर चहा घ्यायचा. कधी घोटभर घेऊन लगेच उठायचा, कधी दिवेलागणीपर्यंत बसायचा. आई आतून ‘गोठ्यात बघ जरा’ म्हणायची, मग तिला आठवायचं आणि ती मला पाठवायची.

आखाजीला अजून वेळ आहे. नवऱ्याला घेऊन ते तीन एकर एकदा पायी फिरून ये. मे महिन्यात विहिरीला किती पाणी असतं ते शेजारच्या बांधावर विचार, जमीनवाल्याला विचारू नकोस. आणि मालकिणीला आत्तापासूनच सांग, साल सुटल्यावर झाडलोट करायची तर महिन्याचे किती.