वीस वर्षांनी पुन्हा गाडी हातात घेताना: चोर्ल्याच्या आधी एवढं करा

नंदगडच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४७. कॉलेजात यामाहाची आरएक्स १०० होती, मग पुण्यात नोकरी आणि कार, मधली वीस वर्षं दुचाकीला हात नाही. आता बेळगावात परत आलेत, येताना एमएच-१२ पासिंगची ३५० सीसी बुलेट सेकंडहँड घेतली आहे आणि जुलैमध्ये वैनींना मागे बसवून जांबोटी-चोर्ला घाटामार्गे गोव्याला जायचंय. शिवाय उचगावची भाची बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला लागलीय, तिलाही गिअरची गाडी शिकायचीय.

आधी सरळ उत्तर देतो. जुलैत चोर्ला नको, आणि पहिल्या लांबच्या फेरीला वैनी मागे नकोत. दिवाळीनंतर जा, दोघं मिळून जा, पण तोवरचे चार महिने सरावाला द्या. कारण सांगतो.

गल्लीतल्या पोरापोरींना गाडी शिकवताना आणि तुमच्यासारख्या परत आलेल्यांसोबत फिरताना एक गोष्ट मला सारखी दिसते. क्लच-गिअर हाताला लगेच आठवतात. दोन दिवसांत माणूस गल्लीतून झोकात बाहेर पडतो आणि त्याला वाटतं, जमलं. नजर मात्र कारच्या सवयीची झालेली असते. कारमध्ये खड्डा, वाळू, सांडलेलं डिझेल हे सगळं चाकाखालून निघून जातं, म्हणून वीस वर्षं ते डोळ्यांनी टिपलेलंच नसतं. नवा शिकणारा निदान घाबरून हळू जातो. परत आलेला माणूस वेगात असतो, म्हणून मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

दुसरं म्हणजे गाडी बदललीय. आरएक्स शंभर किलोच्या आसपासची, तुमची आताची गाडी जवळजवळ दोनशे किलोची. आरएक्स टू-स्ट्रोक होती, एक्सलेटर सोडला तरी गाडी फारशी आवळायची नाही. ही फोर-स्ट्रोक आहे, एक्सलेटर सोडला की इंजिनच गाडी ओढून धरतं. जुन्या सवयीनं खटाखट गिअर उतरवून क्लच एकदम सोडलात तर ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरेल. आणि आरएक्सला पुढे ड्रम ब्रेक होता, तो ताकद लावून दाबावा लागायचा. आताच्या डिस्क ब्रेकला तेवढी ताकद लावलीत, तीही हँडल वळलेलं असताना, तर गाडी आडवी होते. तुमच्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे का ते पाहा. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं आहे, त्याआधीच्या गाडीला नसूही शकतं. असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर लिव्हर थरथरतो, तेव्हा दचकून सोडायचा नाही, दाबूनच धरायचा.

म्हणून पहिले दोन-तीन रविवार रस्त्यावर जाऊच नका. शाळेचं रिकामं पटांगण किंवा यात्रेचा माळ गाठा. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून, मागचा ब्रेक किंचित दाबत चालण्याच्या वेगानं इंग्रजी आठचा आकडा काढा. नजर पुढच्या चाकावर नको, जिथं जायचं तिथं. मग २०, ३०, ४० च्या वेगानं सरळ रेषेत थांबायचा सराव. पुढचा ब्रेक आधी अलगद, वजन पुढच्या चाकावर आलं की घट्ट, मागचा सोबतीला. बरेच लोक आयुष्यभर मागच्याच ब्रेकवर थांबतात. पण थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये आहे, आणि ऐनवेळी हात तेच करतो जे त्याला सरावानं येतं.

आता रस्ता. आपल्या भागात गाडी चालवायची म्हणजे उसाच्या हंगामात चालवायची. गाळप सुरू झालं की हुक्केरी, चिकोडी, निपाणी, अथणी, गोकाक, सगळीकडे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाखाली झाकलेला, आणि ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. हिशोब करून पाहा. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तरी १७ मीटर गेले, पुढे कोरड्या चांगल्या रस्त्यावर नीट ब्रेक मारला तर आणखी २० मीटर. म्हणजे ३७. ताशी ४० ला हेच सगळं २० मीटरमध्ये होतं. आणि समोरून कोणी अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, टाकून आला तर ती ट्रॉली ३७ मीटरवरून दिसेलच याची खात्री नाही. हंगामात अंधार पडल्यावर ४० च्या वर जाऊ नका. शक्य असेल तर अंधारात निघूच नका.

ट्रॉलीचं टायर फुटलं की चाकाला दगड लावतात. ट्रॉली निघून जाते, दगड रस्त्यातच राहतात. सकाळी लवकर निघणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं. सुगीत रस्त्यावर मळणीला पसरलेलं पिंजर, म्हणजे वाळलेलं काड, असतं, त्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको, आधीच वेग कमी करून सरळ पार व्हायचं. गावाच्या तोंडाला रंग न मारलेले हंप असतात. घर, देऊळ, शाळा दिसली की हंप आहे असंच समजून चला. पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं तेल वर येतं. शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पडतो, तिकडे चिकोडी-अथणीची काळी माती, इकडे खानापूरची तांबडी, आणि ओली झाली की दोन्हीवर टायर धरत नाही. रेल्वेचे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा. हायवेला सर्व्हिस रोडवरून उलट येणारे असतातच, त्यांच्यावर चिडण्यात वेळ घालवू नका, ते येणार हे धरूनच डावीकडे जागा ठेवा.

भाचीबद्दल. तिला तुमच्या बुलेटवर शिकवू नका, कृपा करून. ११० किंवा १२५ सीसीची, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी हलकी गाडी घ्या. गाडी कलंडायला लागली तर ती सावरता येते हा विश्वास पहिल्या आठवड्यातच यायला हवा. लर्निंग लायसन्स काढल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, ते दिवस खरोखर शिकण्यात घालवा. उचगाव ते उद्यमबाग हा रस्ता तिनं आधी रविवारी सकाळी, मग वर्दळीच्या वेळी तुमच्यामागून, आणि मगच एकटीनं करावा. ती मागून येत असताना तुम्ही हॉर्न वाजवून सूचना देऊ नका. घरी पोचल्यावर बोला. ओढणी असेल तर गाठ मारून जॅकेटच्या आत, वैनींचा पदरही तसाच. चेनमध्ये किंवा चाकात अडकलेल्या ओढणीनं माणूस जातो, हे मी फार गंभीरपणे सांगतोय.

हेल्मेट तिघांनाही, पूर्ण चेहऱ्याचं, आयएस ४१५१ चा आयएसआय मार्क असलेलं. कर्नाटकात मागे बसणाऱ्यालाही २०१६ पासून सक्ती आहे, पण दंडाचा विचार करून टोपीसारखं अर्धं हेल्मेट घेऊ नका. दुकानात पट्टा लावा आणि मागून वर-पुढे ओढून बघा. निघालं तर ते तुमच्या मापाचं नाही. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. चप्पल घालून गाडी नको, घोटा झाकणारे बूट घाला.

गाडी सेकंडहँड आहे, तेव्हा मिस्त्रीकडे नेण्याआधी टायर स्वतः बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी एवढं जुनं रबर कडक झालेलं असतं, पावसात पकड देत नाही. ते बदला, यात पैसे वाचवू नका. ब्रेक ऑईल नवं घाला, चेन ताणून तेल द्या, हवा टायर गार असताना तपासा. आणि वैनी बसणार असतील तेव्हा मागच्या टायरची हवा दोघांसाठी लिहिलेल्या आकड्यावर आणा, मागचे शॉकॲब्सॉर्बर एक-दोन खाचा कडक करा.

घाटाचा सराव पायऱ्यापायऱ्यानं करा. आधी येळ्ळूरवरून राजहंसगड, चढ-उतार आणि वळणं दोन्ही मिळतात. मग खानापूर. मग पाऊस ओसरला की एकट्यानं कणकुंबीपर्यंत जाऊन परत. मलप्रभेचा उगम आहे तिथं, आणि पाऊस असा असतो की जुलैत धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीच करू नका, सतत ब्रेक दाबून ठेवलात तर तो तापून ढिला पडतो. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. उजव्या वळणावर चाक तुमच्या बाजूला असलं तरी झुकल्यावर डोकं मधल्या रेषेपलीकडे जातं आणि समोरून बस वळण कापत येत असते, म्हणून लेनच्या डाव्या बाजूला राहा. जांबोटीनंतर जंगलपट्टा आहे, भीमगड अभयारण्य शेजारीच, सकाळ-संध्याकाळ गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर लांबच थांबा, हॉर्न नको, अप्पर मारू नका, तो जाऊ द्या. पेट्रोल बेळगावातच भरा आणि दुपारी बारापर्यंत घाट उतरलेला असेल अशा बेतानं निघा.

कागदपत्रं. कार चालवता म्हणून लायसन्स चालू असेलच, पण त्यावर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग आहे का ते कार्डावर बघा. इन्शुरन्स आणि आरसी तुमच्या नावावर करून घ्या. आणि दादा, एमएच पासिंगची गाडी कर्नाटकात १२ महिन्यांच्या वर ठेवायची तर इथं नव्यानं नोंदणी लागते. त्यासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी हवी आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो, महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो. ही कामं वेळ खातात, पावसाळ्यात घरी बसून तेवढं उरका. टायरवरचे ते चार आकडे बघितलेत की कळवा.