‘गव्हर्नमेंट रेट’ नेमका कोणाला?

प्रश्न : मी महाराष्ट्र शासनाच्या सेवेत असून ऑक्टोबरमध्ये पत्नीसह अमेरिकेला मुलाकडे जाणार आहे. तेथून तिघांनी वॉशिंग्टन पाहायला जाण्याचा बेत आहे. हॉटेल शोधताना ‘गव्हर्नमेंट रेट’ हा पर्याय दिसला आणि तो नेहमीच्या दरापेक्षा बराच कमी होता. माझ्या शासकीय ओळखपत्रावर तो मिळेल का? मुलगा खासगी कंपनीत आहे, पण ती कंपनी तेथील केंद्र सरकारच्या एका खात्याचे काम कंत्राटाने करते. त्याच्या नावाने खोली घेतल्यास चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या ओळखपत्रावर हा दर मिळणार नाही. येथे ‘गव्हर्नमेंट’ म्हणजे अमेरिकेचे सरकार. काही हॉटेले तेथील राज्य सरकारांच्या कर्मचाऱ्यांनाही तो देतात, पण परदेशी शासनाचा सेवक, मग तो मंत्रालयातील सचिव का असेना, त्यात बसत नाही.

या दराला सवलत म्हटले जात असले, तरी त्यामागे हॉटेलवाल्यांचा साधा हिशेब आहे. सरकारी कामासाठी फिरतीवर जाणाऱ्या अमेरिकी केंद्रीय कर्मचाऱ्याला मुक्कामापोटी किती रक्कम परत मिळेल, याची कमाल मर्यादा जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही यंत्रणा दर वर्षी ठरवते आणि ती १ ऑक्टोबरपासून लागू होते. २०२५ च्या आर्थिक वर्षात स्वतंत्र दर नसलेल्या ठिकाणांसाठी ही मर्यादा रात्रीला ११० डॉलर, कर वेगळा, अशी होती. वॉशिंग्टनसारख्या महागड्या शहरांसाठी मात्र स्वतंत्र, हंगामानुसार बदलणारे दर असतात. मर्यादेपेक्षा महाग खोली हे कर्मचारी सहसा घेणार नाहीत, हे ओळखून हॉटेले आपला सरकारी दर तेवढाच किंवा त्याहून कमी ठेवतात. तसे करण्याची सक्ती त्यांच्यावर नाही, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत हा दर सरळ बंदही केला जातो. उलट मंदीच्या दिवसांत सर्वांसाठी खुला असलेला दर त्याहून स्वस्त निघू शकतो.

आता मुलाविषयी. कंत्राटदाराचा कर्मचारी हा सरकारी कर्मचारी नव्हे. त्याला हा दर द्यायचा की नाही हे हॉटेल ठरवते, आणि देणारी हॉटेलेही बहुधा तो संबंधित खात्याच्या कामासाठी आला असल्याचे पत्र मागतात. आई-वडिलांना शहर दाखवणे हे काही खात्याचे काम नाही. काही हॉटेलांत सरकारी कर्मचाऱ्यांना खासगी सहलीसाठीही वेगळी सवलत असते, परंतु तीही प्रत्यक्ष नोकरीत असणाऱ्यांसाठी असल्याने मुलाला लागू होईलच असे नाही.

संकेतस्थळ आरक्षणाच्या वेळी पुरावा मागत नाही, म्हणून अनेकांना हे चालून जाते असे वाटते. ओळखपत्र खोलीचा ताबा घेताना विचारले जाते आणि ते नसल्यास त्या दिवशीचा पूर्ण दर आकारला जाऊ शकतो. रात्री, सामान हातात घेऊन, स्वागतकक्षापुढे वाद घालण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.

मुलाकडे अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनचे, म्हणजे ‘ट्रिपल ए’चे, सदस्यत्व आहे का ते विचारून पाहा. गाडी बाळगणाऱ्यांकडे ते बऱ्याचदा असते आणि अनेक हॉटेले त्या कार्डावर सवलत देतात. तेथे आपण कशासाठी आलात, हे कोणी विचारत नाही. मात्र आरक्षण मुलाच्या नावाने करावे आणि खोली घेताना तो कार्डासह हजर असावा.