आमची बाग तडकली ती पापामुळे का?

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातले, तीन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. मागच्या सीझनला माल उतरायला आठ दिवस राहिले आणि अवकाळी आला, मणी तडकले, व्यापाऱ्याने सौदा मोडला, मग जे हाती लागलं ते बेदाण्याला दिलं. नंतर घरी प्रार्थनेला आलेल्या एका काकांनी बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा 5वा अध्याय वाचून सांगितलं की घरात पाप असलं की देव बागेचं कुंपण काढून टाकतो. तेव्हापासून मिस्टर चर्चला येत नाहीत. हा अध्याय खरंच आमच्यासाठी आहे का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, नाही. काकांनी अध्याय काढला बरोबर पण वाचला अर्धाच. आणि त्यात तर देव ढगांना सांगतो की या मळ्यावर पाऊस पाडू नका, तुमच्याकडे नको तेव्हा पडला, म्हणजे शब्दशः धरायचं म्हटलं तरी जुळत नाही!

यशया इसवी सनापूर्वी 8व्या शतकातला, यरुशलेमात बोलणारा संदेष्टा. संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा अशी आपली समजूत असते पण हे लोक जास्त करून समोर काय चाललंय त्यावरच बोलायचे. या अध्यायात एक गाणं आहे, ते तो प्रेमगीतासारखं सुरू करतो. माझ्या मित्राचा टेकडीवर द्राक्षमळा होता, त्याने जमीन खणली, गोटे वेचले, सोरेक म्हणजे एकदम भारी जातीची वेल लावली, राखणीला बुरूज बांधला, रसासाठी कुंड खोदलं, आणि एवढं करून आलं काय, तर बेउशीम. या हिब्रू शब्दाच्या मुळाशी दुर्गंधीचा अर्थ आहे, म्हणजे नुसती आंबट नाहीत, वास मारणारी द्राक्षं. मग तो ऐकणाऱ्यांनाच म्हणतो, सांगा, चूक मळ्याची की मालकाची? लोक मनात म्हणत असणार, मळ्याचीच की. आणि कीर्तनकार गोष्ट रंगवता रंगवता एकदम आपल्याकडे बोट करतो ना, तसं सातव्या वचनात तो म्हणतो, तो मळा तुम्हीच.

पण बिघडलं काय होतं? इथे हिब्रूत शब्दांचा खेळ आहे. देवाने मिश्पाट म्हणजे न्याय शोधला, सापडला मिस्पाख, रक्तपात. त्सेदाका म्हणजे नीतिमत्त्व शोधलं, ऐकू आली त्सेआका, गांजलेल्यांची किंकाळी. मराठीत जमवायचं तर, नीती पेरली आणि उगवली भीती. लगेच आठव्या वचनात कोणावर हाय हाय आहे बघा, घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांवर, दुसऱ्याला जागाच उरू न देणाऱ्यांवर. तीन एकरवाल्यावर नाही हो! आता हेच वचन आपल्या भागात वाचायचं तर पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणाऱ्या मजुरांचे पैसे कोणी थकवले ते विचारायला पाहिजे, पण ते आपल्या प्रार्थनासभेत कोणी काढत नाही (मीही बरीच वर्षं काढलं नाही).

ख्रिस्ती माणूस यशया वाचतो तो येशूच्या बाजूने. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली तेव्हा ती जास्त पापी होती का, यावर लूकच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात येशूने स्पष्ट नाही म्हटलं, वर विचारणाऱ्यांनाच सांगितलं की तुम्ही पश्चात्ताप करा. मार्क 12 मध्ये तो यशयाचाच मळा घेतो, तेच कुंपण, तेच कुंड, तोच बुरूज, पण तिथे दोष वेलीचा नाही, मळा वाट्याने करणाऱ्यांचा, म्हणजे पुढाऱ्यांचा आहे. आणि योहान 15 मध्ये तो स्वतःलाच खरा द्राक्षवेल म्हणतो. तिथे छाटणी आहे पण ती फळ देणाऱ्या फांदीची. तुम्हाला काय सांगायचं, एप्रिलची खरड छाटणी झाल्यावर बाग कशी बोडकी दिसते आणि तिला शिक्षा झाली असं कोणी म्हणत नाही. मात्र कोणी अवकाळीलाच देवाची छाटणी म्हणायला लागलं तर तेही ऐकू नका, तसं त्या वचनात कुठेच नाही.

मिस्टरांना चर्चला चला म्हणून मागे लागू नका. यशयात मळ्याचं दुसरंही गाणं आहे, 27व्या अध्यायात दुसऱ्या-तिसऱ्या वचनात, तिथे देव म्हणतो की मीच याचा राखणदार, क्षणोक्षणी पाणी देतो, रात्रंदिवस पहारा करतो. पुढच्या वेळी प्रार्थना तुमच्या घरी असेल तेव्हा ते काढा, आणि वाचायला काकांनाच द्या.