नाकावर राग नसलेला देव

प्रिय लेकरा,

जय ख्रिस्त.

तुझा व्हॉट्सअॅपवरचा निरोप चार दिवसांपूर्वीच वाचला. पण मला काही अंगठ्यानं लिहिणं जमत नाही, म्हणून कागद घेतला. नातवाला सांगून फोटो काढून पाठवतो. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

रविवारच्या उपासनेची जबाबदारी तुझ्यावर आली, कीबोर्ड आला, मुंबई-पुण्याची नवी गाणी बसवली, आवाजाचे दोन मोठे बॉक्सही आणले. तरी लोक थंडच बसतात, मागच्या बाकावरचे कास्तकार तर तोंडसुद्धा उघडत नाहीत, असं तू लिहिलंस. आणि शेवटी घाईघाईत एक ओळ टाकलीस, ‘देवालाच आमची उपासना आवडत नसेल का?’ बॉक्सचं नंतर बघू. आधी ही ओळ.

बायबलातल्या निर्गमाचा 32 वा अध्याय काढ. मोशे डोंगरावर आहे आणि खाली लोकांनी सोन्याचं वासरू घडवलंय. उतरताना यहोशवाच्या कानावर कालवा येतो. त्याला वाटतं छावणीत लढाई जुंपली. मोशे म्हणतो, लढाई नाही रे, गाण्याचा आवाज आहे. म्हणजे आवाज दणक्यात होता. लोक पहाटे उठून यज्ञ करायला आले होते, आपल्याकडे तर साडेनऊची उपासना दहाला सुरू होते. आणि सगळ्यात मोठी गंमत पाचव्या ओवीत आहे. अहरोन दवंडी पिटतो, ‘उद्या परमेश्वराचा सण’. देवाचं नाव त्यांनी बदललंच नव्हतं. नाव तेच ठेवलं आणि चेहरा मात्र आपल्या सोयीचा बसवला. उत्साहानं मोजलं तर त्या उपासनेला पैकीच्या पैकी द्यावे लागतील.

(यावरून कोणी पोळ्याला नावं ठेवायला लागलं तर त्याला गप्प बसव. आमचा शेजारी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतो आणि उद्या जेवायला या म्हणून आवतण देतो, तेव्हा मला निर्गमाचा 23 वा अध्याय आठवतो. सातव्या दिवशी बैलाला आणि गाढवालाही विसावा मिळावा असं तिथं लिहिलंय. राबणाऱ्या जनावराचे उपकार मानणं वेगळं.)

आता पुढचं. एवढं सगळं झाल्यावर, आज्ञांच्या फोडलेल्या दगडी पाट्यांच्या जागी नव्या पाट्या घेऊन मोशे परत वर जातो. ‘तुझं तेज मला दाखव’ असं त्यानं मागितलेलं असतं. देव दाखवतो काय, तर आपला स्वभाव. 34 व्या अध्यायाची सहावी ओवी बघ. दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. हा ‘मंदक्रोध’ शब्द आपण इतक्या वेळा वाचतो की जिभेवरून घसरून जातो. आपल्या यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, 1953 पासून. 1983 मध्ये ती पुण्याला गेली. तिथं शिकलेल्या एका पाळकांनी मला सांगितलं होतं, मूळ इब्री भाषेत तिथं शब्दशः ‘लांब नाकाचा’ असं आहे. इब्रीत राग आणि नाक यांना शब्द एकच. राग चढला की नाक तापतं, आणि नाक लांब असलं की तापायला वेळ लागतो. मी तर हसतच सुटलो. कारण आपण काय म्हणतो? ‘याच्या नाकावर राग आहे.’ मोशेपुढून जाताना देवानं स्वतःची ओळख दिली ती अशी, की माझ्या नाकावर राग नाही. आणि हे कधी सांगतोय, तर वासराचं लफडं नुकतंच झालेलं असताना.

निनवे शहराला जा म्हटल्यावर पळालेल्या योना नबीला हीच ओवी पाठ होती, आणि त्यानं ती देवालाच तक्रार म्हणून ऐकवली. तू मंदक्रोध आहेस हे मला ठाऊकच होतं, म्हणून तर मी पळालो, म्हणाला. वैऱ्याच्या निनवेवर दया झाली याचा त्याला राग. नाकावर राग नबीच्याच होता.

तुझ्या प्रश्नाशी याचा संबंध असा. आपल्या भागातल्या माणसाला मोठ्या माणसापुढं उभं राहण्याची फार जुनी सवय आहे. सावकाराचा ओटा असो, कृषी केंद्राचं काउंटर असो, बँकेतल्या साहेबांचं टेबल असो, हात जोडायचे, आवाज गोड करायचा, मनातलं मनात ठेवायचं. साहेबाचा मूड बघून बोलायचं. तीच सवय आपण चपला बाहेर काढून मंदिरात आत नेतो. देवाचा मूड बनवायला गाणी म्हणतो. मग एखाद्या रविवारी गाणी रंगली नाहीत की वाटतं, साहेब नाराज. तुझी ती शेवटची ओळ याच ओट्यावरून आली आहे, लेकरा. तिचा उगम तुझ्या कीबोर्डात शोधू नकोस.

2017 साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली तेव्हा उपासना मीच चालवायचो. हिरवंगार बोंड हातानं फोडावं तर आत अळी आणि काळी पडलेली सरकी. अशा एका रविवारी मी आनंदाचं गाणं लावलं, टाळ्या वाजवायला सांगितल्या. मागच्या बाकावर एक कास्तकार दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला होता. मी माईकवरून म्हणालोसुद्धा, ‘सगळ्यांनी, मागच्यांनीसुद्धा!’ आठवलं की आजही कानकोंडं होतं.

पुढच्या रविवारी मी हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचला. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, गोठ्यात जनावर नाही. 17 व्या ओवीपर्यंत वाचलं आणि थांबलो. 18 व्या ओवीत ‘तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन’ असं आहे, पण तिथं पळत जायचं नाही असं ठरवून आलो होतो. जरा वेळ कोणी बोललं नाही. मग ती ओवीही वाचली, हळू. बाहेर पडताना तो कास्तकार माझ्याजवळ आला. ‘हे पुस्तकात आहे?’ एवढंच विचारलं आणि ओळ कुठली ते बोट ठेवून दाखवायला लावलं. त्यानं 17 वीच दाखवायला लावली.

स्तोत्रांमध्ये रडगाण्यांचा वाटा केवढा आहे ते एकदा मोजून बघ. 13 व्या स्तोत्रात पहिल्या दोन ओव्यांतच ‘किती काळ’ हे चारदा येतं. 88 वं तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी दिवा लावत नाही. असली गाणी देवानं आपल्या पुस्तकात ठेवून घेतली. ज्याच्या नाकावर राग आहे त्याच्या दारात कोणी असं बोलू धजत नाही.

आता माझी दुसरी चूक. ती लिहायला मला जास्त जड जातंय.

हंगामाच्या सणाला आपल्याकडे अर्पणात आलेल्या मालाचा लिलाव होतो ते तू लहानपणापासून पाहिलंस. भोपळे, अंडी, कोंबडी, ज्वारीची कणसं. एके वर्षी एका मोठ्या कास्तकारानं बंडीत घालून क्विंटलभर पांढराशुभ्र कापूस आणला आणि मी वेदीपुढून त्याचं नाव घेतलं. त्याच्या मागून एक वेचणीवाली बाई आली. लुगड्याच्या ओट्यात पसा-दोन पसे कापूस होता. लोकांच्या वावरात वेचणी उरकल्यावर तिनं सरवा वेचला होता, म्हणजे निम्मी कवडी, खराब कापूस, आणि पालाच. मी माईक हातात असताना बोलून गेलो, ‘हा कवडीचा आहे, याच्यावर बोली कोण लावणार, बाजूला ठेवा.’ लोक हसले. ती बाईही हसली, पदर तोंडाला लावून.

रात्री जेवण गेलं नाही. लेवीयाचा 23 वा अध्याय काढून बसलो. ती सगळी सणांची यादी आहे. पन्नासाव्या दिवसाच्या सणाचा तपशील येतो, भाकरी दोन, कोकरं सात, गोऱ्हा एक. आणि मध्येच 22 वी ओवी: शेत कापताना पार कडेपर्यंत कापू नकोस, सरवा वेचू नकोस, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. हंगामाच्या सणाच्या ऐन मध्यात ही धुऱ्यावरची गोष्ट! परकी, विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती याच हक्कानं. त्या हिशेबानं बाईच्या ओट्यातला कापूस देवानंच तिच्यासाठी राखून ठेवायला सांगितलेला होता, आणि तिनं तो त्यालाच परत आणला होता. मी तो बाजूला ठेवायला लावला.

तू म्हणशील, मलाखीच्या पहिल्या अध्यायात लंगडं-आंधळं जनावर अर्पणाला आणणाऱ्यांवर देव संतापतोच की. संतापतो. पण 14 वी ओवी नीट वाच. ज्याच्या कळपात धडधाकट नर आहे आणि तरी जो खोडीचा आणतो, त्याला ते बोलणं आहे. पांढरा कापूस घरी ठेवून कवडी आणणं वेगळं, आणि जवळ कवडीच असणं वेगळं. येशूला घेऊन मरिया आणि योसेफ मंदिरात आले तेव्हा त्यांचं अर्पण होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं एवढंच होतं. लेवीयाच्या 12 व्या अध्यायाप्रमाणे ही सवलत कोकरू न परवडणाऱ्यांची.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. माफी मागितली. ती म्हणाली, ‘जाऊ द्या गुरुजी, वाती वळून टाका त्याच्या.’ वळल्या. मंडळीची वीज दोनदा गेली त्या नाताळात, तेव्हा त्याच जळल्या.

बॉक्सचं राहिलंच. ठेव, पण आवाज इतका कर की शेजारच्या बाकावरची म्हातारी काय गाते ते ऐकू यावं. महिन्यातून एखादा रविवार ढोलकी आणि टाळ काढ, कीबोर्डला विसावा. गाण्यांच्या आधी निर्गमातली ती सहावी ओवी कोणाला तरी वाचू दे, चांगलं वाचणाराच हवा असं नाही. मागच्यांना टोकू नकोस. बाकी तुला माझ्याहून जास्त समजतं.

ती बाई अजून येते, खिडकीजवळच्या बाकावर. येत्या रविवारी पहिलं गाणं कोणतं घ्यायचं ते तिला विचार. तिच्या डाव्या बाजूनं बोल, उजव्या कानानं ऐकू येत नाही. तूर निघाली की मी येतोच. एसटी फाट्यावरच सोडते, गाडी घेऊन ये. पांदणीत चिखल असेल तर पायी येईन, माझी काळजी करू नकोस.

तुझा,
गुरुजी