पुण्याच्या रेसला पहिल्यांदा घोडा निवडताना
मित्रा, सगळ्या रेस खेळायच्याच असं काही नाही, रेसकार्डातल्या, म्हणजे त्या दिवसाच्या रेस-घोड्यांच्या यादीतल्या, दोन-तीनच नीट वाच. पुण्याचा सीझन पावसाळ्यातला, त्यामुळे पेनेट्रोमीटर रीडिंग (ट्रॅक किती मऊ ते मोजणारा आकडा) आधी बघायचं, आकडा जास्त म्हणजे ट्रॅक मऊ, आणि मग हिवाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या कोरड्या ट्रॅकवर दाखवलेला फॉर्म तसाच्या तसा धरू नकोस. हँडिकॅपमध्ये, म्हणजे घोड्याच्या रेटिंगप्रमाणे वजन ठरतं त्या रेसमध्ये, जिंकलेल्या घोड्याचं रेटिंग चढतं म्हणजे पुढच्या वेळी पाठीवर वजन जास्त, लोक नेमकं हेच विसरतात आणि मागचा निकाल बघून फेव्हरिटवर, म्हणजे सगळ्यात जास्त पैसे लागलेल्या घोड्यावर, तुटून पडतात. १२०० मीटरवाला २००० ला पहिल्यांदाच उतरतोय का तेही बघ. पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे, घोडा घामाघूम, बिथरलेला दिसला तर मी तरी सोडतो. आणि गेलेले पैसे शेवटच्या रेसमध्ये काढायला अजिबात जाऊ नकोस, प्लीज.