उंदराची जीभ, मेंदूतील डोपामिन आणि पुढच्या शिक्षणाची निवड

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हातारपणी उंदरांच्या जिभेच्या हालचालीत आणि मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनामध्ये होणाऱ्या बदलांवर मी सेमिनार दिला आणि तेव्हापासून याच विषयात संशोधन करावेसे वाटते. विषय फार अरुंद आहे, त्यापेक्षा वाचा व गिळण्याच्या विकारांवरील उपचारांचा अभ्यासक्रम घ्यावा, असे आई-बाबांचे म्हणणे आहे. मी काय करावे?

उत्तर : विषय अरुंद आहे असे मला वाटत नाही. पाणी चाटताना उंदीर सेकंदाला साधारण 6 ते 7 वेळा जीभ बाहेर काढतो. ही लय मेंदूच्या देठात तयार होते आणि बाराव्या मस्तिष्क-चेतेमार्फत, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूमार्फत, जिभेच्या स्नायूंपर्यंत पोहोचते, तर मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायाटम या भागातील डोपामिनचा हालचालींच्या नियंत्रणात मोठा वाटा असतो. वयस्क उंदरांमध्ये चाटण्याची लय मंदावते. माणसाच्या बाबतीत घास मागे ढकलण्याचे काम जीभच करते, आणि म्हातारपणी किंवा पार्किन्सनच्या आजारात ते बिघडले की अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणजे तुम्ही निवडलेला विषय आणि आई-बाबांनी सुचवलेला अभ्यासक्रम एकाच प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहतात.

खरी अडचण पुढे आहे. स्ट्रायाटममधील डी-2 ग्राहींची, म्हणजे डोपामिनचा संदेश टिपणाऱ्या पेशींवरील प्रथिनांची, संख्या वयाबरोबर घटते आणि जीभही मंदावते. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, एवढ्यावरून पहिलीमुळे दुसरी घडते असे म्हणता येत नाही. म्हणून संशोधक तरुण उंदरांच्या मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी 6-हायड्रॉक्सीडोपामिन या रसायनाने नष्ट करून, वय न वाढताही जिभेचे काम बिघडते का, हे पाहतात, आणि ते बिघडते. दुसरीकडे, म्हाताऱ्या उंदरांकडून जिभेचा व्यायाम करून घेतला तर तिचा जोर वाढतो, म्हणजे स्नायू आणि त्यांच्याकडे येणाऱ्या चेता यांचाही विचार केल्यावाचून सुटका नाही. कारणांची अशी उकल करण्यात तुमचे मन रमते का, हे मला सेमिनारला मिळालेल्या शाबासकीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते.

या कामाचा रोजचा भागही नीट समजून घ्या. उंदीर म्हातारा होण्यासाठी सुमारे दोन वर्षे थांबावे लागते, बलमापकाच्या चकतीवर जीभ दाबायला त्याला धीराने शिकवावे लागते, आणि मेंदूच्या ऊतींतील डोपामिन मोजायचे असेल तर शेवटी त्या प्राण्याचा जीव घ्यावा लागतो. त्यासाठी नैतिकता समितीची परवानगी लागते. परंतु समितीने होकार दिला तरी तुमच्या मनाला ते झेपेल का, याचे उत्तर तुम्हालाच द्यायचे आहे, आणि ते नकारार्थी आले तर त्यात कमीपणा नाही.

ते झेपत असेल, तर शरीरक्रियाशास्त्र किंवा चेताविज्ञान यात पदव्युत्तर शिक्षण घ्या आणि सोबत संख्याशास्त्र व प्रोग्रॅमिंग मनापासून शिका. प्रयोगशाळा निवडताना तिथे कोणत्या अवयवावर काम चालते यापेक्षा मोजमापाच्या कोणत्या पद्धती शिकायला मिळतील, हे पाहा, कारण पुढे विषय बदलला तरी त्या पद्धती उपयोगी पडतात. मन दोन्हीकडे सारखेच ओढत असेल, तर मात्र मी आई-बाबांच्या बाजूने कौल देईन. उपचार करण्याचा परवाना त्या अभ्यासक्रमावाचून मिळत नाही, पण तो पूर्ण करून पीएच.डी.कडे वळता येते, आणि गिळताना ठसकणारे रुग्ण ज्याने जवळून पाहिले आहेत, त्याला प्रयोगशाळेत नेमके काय शोधायचे हे लवकर उमगते.

निर्णयापूर्वी सुटीत काही आठवडे प्राणी-वर्तनाच्या प्रयोगशाळेत आणि काही दिवस गिळण्याच्या तक्रारींच्या बाह्यरुग्ण विभागात निरीक्षक म्हणून काढा. प्रयोगशाळेला अर्ज करताना, आधी नोंदवलेल्या माहितीचे विश्लेषण करायला मिळेल का, हे स्पष्ट विचारा. संशोधकाचा बराच वेळ त्यातच जातो.